चूल आणि भिंत यांच्यामध्ये काय हवे?

दिवाळी उलटली आणि थंडीने जोर धरला की आमच्या दवाखान्यांत दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक खोकल्याचे आणि दुसरे भाजलेले. खोकल्याबद्दल या सदरातून पुष्कळ लिहून झाले आहे. भाजण्याचा विषय निघाला की मात्र आपण बहुतेक वेळा भाजल्यानंतर काय करावे एवढेच सांगतो. आज त्याच्या आधीचे सांगायचे आहे. चूल, शेगडी किंवा बंब भिंतीपासून किती दूर असावा, आणि जागा नसेल तर तो भिंतीजवळ सुरक्षितपणे कसा ठेवता येईल, हा आजचा विषय.

"डॉक्टरांनी औषधाचे बोलावे, पत्र्याचे आणि खिळ्यांचे काम सुताराकडे सोपवावे," असे काही वाचक म्हणतील. परंतु जळालेल्या घरातला माणूस शेवटी आमच्याच टेबलावर येतो. रुग्णाच्या हाताचा पंजा, बोटांसह धरला, तर तो त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का असतो. लहान मुलाचे दहा टक्के आणि मोठ्या माणसाचे पंधरा ते वीस टक्के अंग भाजले की सलाईन लावून रुग्णालयात ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. तेथून पुढे जंतुसंसर्ग, त्वचारोपण, आखडलेली बोटे, छातीला चिकटलेली हनुवटी हा सगळा प्रवास महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भाजल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसे मरतात आणि एकट्या भारतात १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. या दुखण्याला लस नाही. जी काही लस आहे ती घरातच आहे, आणि तिचे नाव अंतर.

आमच्याकडे तर गॅस आहे!

गावात गॅस आला ही फार चांगली गोष्ट झाली. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून वाडीवस्तीवरही सिलिंडर पोहोचला. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात सुमारे ५९ टक्केच आढळली. आणि ज्यांच्याकडे सिलिंडर आहे त्यांची चूल विझली आहे असेही नाही. चहा गॅसवर होतो, पण अंघोळीचे पाणी बंबात किंवा न्हाणीघराबाहेरच्या चुलीवर तापते. भाकरी चुलीवरचीच लागते. गुरांचे आंबोण चुलीवर शिजते. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या घरच्याच असतात, मग त्यासाठी सिलिंडर कोण जाळणार?

शहराकडची गंमत तर आणखी वेगळी आहे. ज्यांनी चूल सोडली ते आता पैसे मोजून चुलीवरचे जेवण जेवायला हमरस्त्यावरच्या हॉटेलात जातात. तेथे शोभेसाठी गवताचे छप्पर, बांबूच्या तट्ट्या, वर कागदी कंदील, आणि त्या सगळ्याला टेकून धगधगणारी चूल! जेवायला बसल्यावर एकदा त्या तट्टीकडे जरूर पाहावे.

म्हणजे चूल आहे आणि अजून बरीच वर्षे राहणार आहे. ती कोठे आणि कशी असावी याचा विचार त्यामुळे टाळता येत नाही.

भिंत न शिवता पेटते

पुष्कळांची समजूत अशी की ज्वाळा प्रत्यक्ष लागल्याशिवाय लाकूड पेटत नाही. ती चुकीची आहे. उन्हात उभे राहिले की सूर्य आपल्याला न शिवता तापवतो. चुलीची आच तशीच सरळ रेषेत भिंतीपर्यंत जाते. लाकडाचा पृष्ठभाग साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापला की ते पेट घेऊ शकते. चुलीतला विस्तव याहून कितीतरी जास्त तापमानाचा असतो.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. एखादी फळी किंवा खांब रोज थोडा थोडा तापत राहिला तर लगेच काहीच होत नाही. महिने जातात, वर्षे जातात. लाकूड आतून कोरडे पडते, तपकिरी होते, मग काळवंडते. असे करपलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी उष्णतेवरही धुमसू लागते. म्हणूनच "वीस वर्षे चूल इथेच आहे, कधी काही झाले नाही" हे वाक्य ऐकले की मला धीर वाटण्याऐवजी काळजी वाटते. एकविसाव्या वर्षी ते लाकूड पहिल्या वर्षीचे राहिलेले नसते.

आता आपापली भिंत पाहा. दगडाची किंवा पक्क्या विटांची असेल तर ती स्वतः पेटणार नाही. मात्र तिच्यावरची फळी, कॅलेंडर, प्लॅस्टिकचे डबे, दोरीवरचे कपडे पेटतात. जुन्या वाड्यात भिंत मातीची दिसते, पण आत लाकडी खांब आणि तुळ्या असतात. मातीचा गिलावा पडला की तो खांब चुलीसमोर उघडा होतो. कोकणात आणि डोंगरी भागात कारवीचा किंवा बांबूचा कुड असतो. शेणमातीने नीट लिंपलेला असेपर्यंत तो बरा, पण चुलीमागचे लिंपण तडकते आणि आतली काडी डोकावू लागते. शहरवजा गावांत प्लायवुडचे पार्टिशन असते. आणि ऊसतोडणीच्या फडावर पाचटाची कोपी असते. या प्रत्येकाला वेगळा न्याय लावावा लागतो.

पत्रा ठोकला होता, तरी?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नेहमी येणारे एक आजोबा हाताला भाजून आले. न्हाणीघरात बंब, त्याच्यामागे लाकडी पार्टिशन. पहाटे बंब पेटवला, सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, विस्तव विझला. दुपारी पार्टिशनमधून धूर येऊ लागला. आजोबांनी फळी उचकटली, आत वारा गेला आणि भडका उडाला. मलमपट्टी चालू असताना ते सारखे एकच म्हणत होते, "डॉक्टरसाहेब, मागे पत्रा ठोकला होता हो मी! मग पेटलेच कसे?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि उत्तर त्यांच्याच वाक्यात होते. पत्रा ठोकला होता, म्हणजे थेट लाकडावर. लोखंड उष्णता झटकन घेते आणि झटकन पुढे देते. पत्रा लाकडाला चिकटलेला असेल तर तो तापतो आणि मागचे लाकूडही तापवतो. शिवाय लाकूड काळे पडत असलेले आपल्याला दिसत नाही, कारण वर चकचकीत पत्रा असतो. पार्टिशनवर सिमेंटचा गिलावा केला किंवा फरश्या चिकटवल्या तरी हेच होते. फरशी पेटत नाही हे खरे, पण उष्णता तिच्यातून पार जाते.

तोच पत्रा भिंतीपासून इंचभर पुढे उभा केला तर सगळे चित्र पालटते. आच पत्र्यावर पडते, काही परत फिरते, काहीने पत्रा तापतो. पत्र्यामागची हवा तापून हलकी होते आणि वर निघून जाते. तिच्या जागी खालून गार हवा आत येते. चूल पेटलेली असेपर्यंत हा प्रवाह आपोआप चालू राहतो आणि भिंतीला निववतो. थोडक्यात, भिंत पत्र्याने वाचत नाही, पत्र्यामागच्या वाहत्या हवेने वाचते. आजच्या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे.

किती अंतर पुरे?

या बाबतीत आकडे मिळतात ते अमेरिकेतले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिकडे लोकांनी घरे उबदार ठेवण्यासाठी पुन्हा लाकडाच्या लोखंडी शेगड्या आणल्या, आणि घरांना आगी लागण्याचे प्रमाणही वाढले. तेथील घरे मुख्यतः लाकडाचीच. त्यामुळे नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेचे याविषयीचे नियम काटेकोर आहेत. ज्या शेगडीची प्रयोगशाळेत चाचणी झालेली नाही ती पेटू शकणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच, म्हणजे तीन फूट दूर हवी. मधे साडेतीन इंच जाडीची विटांची भिंत, मागे पोकळी न ठेवता बांधली, तर हे अंतर २४ इंचांवर आणता येते. आणि २४ गेजचा साधा पत्रा, मागे एक इंच हवेशीर पोकळी ठेवून उभा केला, तर ते १२ इंचांवर येते.

साडेतीन इंच विटांपेक्षा पातळ पत्रा सरस ठरतो हे वाचून नवल वाटेल. फरक करते ती पोकळी.

हे आकडे चारी बाजूंनी बंद असलेल्या लोखंडी शेगडीचे आहेत. आपली चूल उघडी असते. वाऱ्याने ज्वाळा बाहेर येते, पऱ्हाटी तडतडली की ठिणग्या उडतात, जळते लाकूड ओढताना निखारा बाहेर पडतो. म्हणून उघड्या चुलीला फूटभराचा हिशेब लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आडोसा नसेल तर तीन फूट आणि चांगला आडोसा असेल तर दीड ते दोन फूट, याच्या आत येऊ नये. बंब बंद असल्यामुळे त्याला थोडी सवलत देता येईल, पण त्याचेही विस्तवाचे तोंड भिंतीकडे किंवा दाराच्या पडद्याकडे नसावे.

तीन फूट म्हणणे सोपे आहे. दोन फुटांची चूल आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट धरले तर आठ फूट झाले. दहा फुटांच्या खोलीत मग माणसांनी बसायचे कोठे? अंतर ठेवायला जागा लागते, आणि ती गरिबाच्या घरात नसते. म्हणून तर हा आडोसा महत्त्वाचा. ज्याच्याकडे तीन फूट नाहीत त्याला तो दीड फुटात बरीचशी सुरक्षितता देतो.

आडोसा कसा करावा?

पत्रा २४ गेजचा घ्यावा. तेलाचा डबा फाडून केलेला पत्रा फार पातळ असतो. तो तापला की वाकतो आणि भिंतीला टेकतो, मग पोकळी उरतच नाही. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये लोखंडी नळीचे एक इंच लांबीचे तुकडे घालून त्यांतून स्क्रू मारावेत. लाकडी ठोकळे वापरू नयेत, कारण तेच पेटतील. स्क्रू कडेला असावेत. चुलीच्या बरोबर मागे, जेथे आच सर्वांत जास्त, तेथे एकही नको, कारण स्क्रूमधूनही उष्णता भिंतीत जाते.

खाली जमिनीपासून एक इंच आणि वर पुरेशी जागा मोकळी सोडावी. ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच चुकते. उंदीर शिरतात किंवा दिसायला वाईट दिसते म्हणून लोक खालची फट मातीने लिंपून टाकतात. फट बुजली की हवा थांबली, आणि हवा थांबली की आडोसा निकामी झाला.

कुडाच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तेथे शेताच्या कुंपणाला वापरतात तसे दोन लोखंडी अँगल जमिनीत पुरावेत आणि पत्रा त्यांना तारेने बांधून भिंतीपुढे स्वतंत्र उभा करावा. हे काम घरातला कोणीही तासाभरात करू शकतो.

पत्रा केवढा असावा? त्यासाठी दोरीची परीक्षा करावी. तीन फूट लांबीची दोरी घेऊन तिचे एक टोक चुलीच्या कडेला धरावे आणि दुसरे सगळ्या दिशांना ताणून फिरवावे. पत्र्याने न अडवता दोरीचे टोक जेथे उघड्या लाकडाला, कुडाला किंवा पडद्याला लागते तेथे पत्रा कमी पडतो. कोपऱ्यातली चूल असेल तर दोन्ही भिंतींना आडोसा लागेल. हीच दोरी वरच्या बाजूलाही धरावी. वर फळी, माळ्याचे लाकूड किंवा वाळत घातलेले कपडे येत असतील तर ते हलवावेत. आच वर सर्वांत जास्त जाते आणि भिंतीचा पत्रा छपराला वाचवत नाही.

शेवटी हाताची परीक्षा. चूल तासभर चांगली पेटली की पत्र्यामागे न जाता, भिंतीच्या पलीकडच्या बाजूला तळहात टेकवून पाहावा. हात सुखाने ठेवता आला तर ठीक. चटका बसून काढावा लागला तर चूल आणखी पुढे घ्यावी. महिन्यातून एकदा पोकळीतली जळमटे आणि काजळी झटकावी. तीही पेटते.

आडोशावर कोठे भिस्त ठेवू नये?

पाचटाची कोपी, गवताचे छप्पर, ताडपत्री आणि प्लॅस्टिकचा कागद यांना पत्र्याचा आडोसा पुरत नाही. तेथे धोका आचेचा कमी आणि ठिणगीचा जास्त असतो, आणि ठिणगी पत्र्याला वळसा घालून जाते. अशा ठिकाणी चूल बाहेरच हवी. वारा कोपीकडे वाहत असेल तर चूल दुसऱ्या बाजूला न्यावी. स्वयंपाक आटोपला की निखाऱ्यांवर पाणी घालावे. नुसती राख ओढून चालत नाही, राखेखाली विस्तव रात्रभर जिवंत राहतो.

जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे, ज्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते, ते कापून आडोशाला वापरू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते, आणि जास्त आच लागली की ते तडकून त्यांचे तुकडे उडतात.

आडोशाचा पत्रा स्वतः चांगलाच तापतो. रांगते मूल आधाराला हात टेकते ते अशाच जागी. घरात लहान मूल असेल तर चुलीपुढे आणि पत्र्यापुढे लोखंडी जाळीचा अडसर हवा. आणि एक लक्षात ठेवावे. आडोसा म्हणजे धुराडे नव्हे. आडोसा करण्याच्या नादात खिडकी बुजवली तर घर आगीपासून वाचेल, पण धुराने घरातल्या बाईची फुप्फुसे जातील.

तरीही भाजलेच तर

कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. इतरांनी जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून आग दाबावी. भाजलेल्या जागेवर साधे गार पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ नको. अंगठी, बांगड्या, जोडवी सूज येण्याआधी काढावीत. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. चेहरा, हात, पाय किंवा सांधे भाजले असतील, रुग्ण लहान मूल असेल, नाकात काजळी दिसत असेल किंवा आवाज घोगरा झाला असेल तर घरी वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हे कोणी करायचे?

आपल्या घरापुरते आपणच करायचे, याबद्दल वाद नाही. पण काही ठिकाणी घर ज्याचे, त्याच्या हातात काहीच नसते. ऊसतोडणी कामगार चार-पाच महिने पाचटाच्या कोपीत राहतो. त्याच्या बायकोला पहाटे अंधारात स्वयंपाक उरकून फडावर जायचे असते आणि पोरे कोपीतच झोपलेली असतात. कोप्यांपासून वेगळ्या, दोन बाजूंना पत्र्याचा आडोसा असलेल्या सामाईक चुली आणि जवळ पाण्याचे पिंप एवढे करून देणे कोणत्याही साखर कारखान्याला जड नाही. हंगामाच्या हिशेबात तो खर्च दिसणारसुद्धा नाही.

घरकुलांचेही तसेच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरवलेले आहे. एवढ्याशा जागेत चूल कोठे येणार हे नकाशा काढतानाच ठरले पाहिजे. पुढे लाभार्थी पैशांअभावी लाकडी फळ्यांची पडवी काढतो आणि चूल तिच्यात नेतो, हे गावोगाव दिसते. ग्रामसेवकाने भेटीच्या वेळी एकदा तेथे दोरी धरून पाहिली तरी पुष्कळ काम होईल. गवताच्या छपराखाली चूल पेटवून गिऱ्हाईक बोलावणाऱ्या हॉटेलांना परवाना देतानाही हीच दोरी सोबत असावी.

आणि आम्ही डॉक्टरांनी, आशाताईंनी, परिचारिकांनी घरी गेल्यावर बाळाच्या लसीबरोबर चुलीचीही चौकशी करावी. एक पत्रा, नळीचे चार तुकडे आणि अर्ध्या दिवसाचे काम. एका भाजलेल्या मुलाच्या पहिल्या आठवड्याच्या औषधांपेक्षा हे स्वस्त पडते. येत्या रविवारी घरातली चूल आणि बंब दोन्हींभोवती तीन फुटांची दोरी फिरवून पाहावी. पत्रा आधीच ठोकलेला असेल तर तो उचकटून मागचे लाकूड काळे पडले आहे का हेही पाहावे. पडले असेल तर ते बदलावे, आणि नवा पत्रा लावताना मागे इंचभर हवा ठेवावी.